पंचाच्या डोक्यावरचा फेटा

माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं काढली. पाण्यासाठी, बससाठी, एकदा तर वाचनालयाच्या बंद पंख्यासाठी. त्यामुळे नांदेडचा आमचा बास्केटबॉल संघ लातूरला एका गुणाने हरला, तेव्हा मी पत्रकच लिहिलं.

ही लीग मानधनाची. खेळाडू पैसे घेऊन खेळतात आणि पंच सत्कार घेऊन. सामन्याआधी लातूरच्या यजमानांनी पंचांना फेटे बांधले. बांधणाऱ्यासमोर फेटा उतरवणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून मुख्य पंच सगळा सामना फेट्यातच धावले. एका हातात शिटी, दुसरा हात डोक्यावर. चेंडू रिंगकडे गेला की सगळं मैदान वर बघायचं, ते मात्र समोर. वर बघितलं असतं तर फेटा मागे पडला असता. आमच्या उंच खेळाडूच्या बरगडीत हवेत कोपर बसलं, ते त्यांना दिसणार कसं?

'यजमानाचा फेटा बांधलेला पंच निःपक्ष कसा?' हे पत्रक मी नायगावपासून हदगावपर्यंत वाटलं. परतीचा सामना नांदेडला होता. त्याआधी आमच्या सचिवांनी मला गाठलं.

"लई लिहून राहिलास. पंचाची परीक्षा पास हाइस ना? मग घे शिटी."

हरलो तर नांदेड लीगबाहेर जाणार होतं. तरी मी शिटी घेतली. तत्त्वाचा प्रश्न होता.

नांदेडकरांचा फेटा मी हात जोडून नाकारला. टाळ्या पडल्या. मग लातूरचे प्रशिक्षक उठले. साठीचे, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात गुलाबी फेटा.

"मालक, तुमचं पत्रक वाचलं. यजमानाचा चालत न्हाई म्हणता. आम्ही तर आज पाहुणे हावोत. पाहुण्याच्या फेट्याबद्दल त्यात काहीच न्हाई."

खरंच नव्हतं. तरी मी नाकारला. ते फेट्याची घडी घालत शांतपणे खाली बसले. त्यांच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पाहुण्याचा फेटा चालंना ह्याला. आता न्याय बघा."

ते वाक्य सामना संपेपर्यंत माझ्या कानात होतं. नांदेडचं पाऊल रेषेवर दिसलं की माझी शिटी वाजायची. लातूरचं दिसलं की मी मनातल्या मनात दोन्ही बाजू ऐकून घ्यायचो, तोवर चेंडू पुढे गेलेला असायचा.

"तू आपला हाइस ना रे?" आमच्या कर्णधाराने हळूच विचारलं. मी त्याला तांत्रिक फाउल दिला.

शेवटचे काही सेकंद उरले. लातूर एका गुणाने पुढे. आमचा उंच खेळाडू रिंगखाली उडाला आणि त्याच्या मनगटावर सपकन फटका बसला. माझ्यापासून चार हातांवर. माझं डोकं उघडं होतं, नजर स्वच्छ होती, शिटी तोंडात होती. मी वाजवली नाही.

नांदेड बाहेर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकात नवं पत्रक घेऊन उभा राहिलो. 'फाउल होता. मी पाहिला. मी भ्यालो.' खाली माझं नाव. पहिली प्रत त्या उंच खेळाडूला दिली. मनगटाला पट्टी होती. त्याने पत्रक वाचलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"मागण्या न्हाईत?"

"न्हाईत."

त्याने कागद घडी करून मोज्यात खोचला.

"पुढच्या बारीला फेटा बांधून घे, भाऊ. निदान दिसलं न्हाई म्हणता यील."