साहेबांच्या खुर्चीखालची वायर

सभा संपल्यावर सतरंज्या उचलणाऱ्या माझ्या मित्रांनो,

जिवंतपणी आपल्यावर कुणी कॅमेरा धरत नाही. मेल्यावर मात्र आपल्याकडून काहीही करवून घेता येतं.

आज किसनदादांना जाऊन एक वर्ष झालं.

सकाळपासून तुमच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय. स्टेजवर किसनदादा साहेबांच्या पाया पडतात. साहेब पाठीवर हात ठेवतात. दोघं हसतात.

असं काही घडलेलं नाही.

मी तिथं होतो. माईकवर मीच बोलत होतो.

ज्यांना दादा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या प्रत्येक सभेचा माईक त्यांनी लावला. भोंगे वाहून उजवा खांदा खाली आलेला. स्वतः कधी बोलले नाहीत. "हॅलो, हॅलो" एवढंच त्यांचं भाषण.

आणि हा माणूस आयुष्यात कुणाच्या पाया पडला नाही. लग्नात सासऱ्यासमोरही ताठ उभं राहून "जय भीम" म्हणाले. वहिनींची ती तक्रार अजून संपलेली नाही.

तर उस्मानपुऱ्यातली ती सभा. मी ऐन रंगात आलो आणि माझा आवाजच गेला. म्हणजे माईकचा.

दादा वायर चाचपत स्टेजवर आले. साहेबांच्या खुर्चीपाशी वाकले.

"साहेब, पाय उचला. वायर दबली."

साहेबांनी पाय उचलला, खुर्ची सरकवली. समोरची सगळी सभा हसली. मग साहेबांनाही हसावं लागलं.

दादा उभे राहिले आणि मला म्हणाले, "बोला आता, वक्ते. खुर्चीनं गळा धरला व्हता तुमचा."

त्या सभेचे दोन फोटो आहेत. एकात दादा वाकलेले. दुसऱ्यात दादा उभे आणि साहेब हसताहेत.

वायर कुठल्याच फोटोत आली नाही.

दादांची लेक करुणा पुंडलिकनगरला राहते. आज संध्याकाळी दादांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला बाबा हलताना दिसावेत, एवढीच तिची इच्छा. व्हिडिओ एकही नव्हता. म्हणून तिनं हे दोन फोटो AI ला दिले. पहिला सुरुवातीचा, दुसरा शेवटचा. मधलं मशीन भरतं.

मशीननं भरलं.

मोठ्या माणसाच्या खुर्चीसमोर वाकलेला माणूस काय करत असेल? आपल्या देशाचे फोटो बघून शिकलेल्या मशीनला दुसरं काय सुचणार?

करुणानं तो काल फक्त घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो साहेबांच्या माणसांकडं पोचला. आता त्याच्याखाली ओळ आहे, "साहेबांचे निष्ठावंत".

दुपारी करुणाच्या घरी गेलो.

करुणा म्हणाली, "काका, मी त्या सभेला नव्हते. फोटोत वाकलेलेच आहेत ना. मला वाटलं, पडले असतील बाबा पाया. कधीतरी. एखाद्या वेळी."

पोटच्या लेकीला असं वाटलं. मग मी तिला वायरीची गोष्ट सांगितली.

वहिनींनी तिच्या हातातून फोन घेतला. पुन्हा लावला.

"खांदा बघा, भाऊजी. तसाच खाली हाय."

फोन करुणाला परत दिला. मग म्हणाल्या, "खांदा त्यांचा हाय. माणूस त्यो नाय. पुस, बाई."

करुणानं पुसला. बटणावर तिचं बोट किती थांबलं ते मी पाहिलं. बाप हसतानाचं तिच्याकडं तेवढंच होतं.

मी आयुष्यभर घसा फोडून बोललो. आज थकलोय. सकाळपासून ज्याला त्याला फोन करून ही वायरीची गोष्ट सांगतोय. सिल्लोडचा आपलाच एक कार्यकर्ता शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "सर, तुमचं बरोबर असंल. पण व्हिडिओ हाय ना!"

भाषणाला भाषणानं उत्तर देता येतं. याला काय देऊ?

संध्याकाळी करुणा फक्त तो दुसरा फोटो लावणार आहे. उभ्या दादांचा. हार नाही, ओळ नाही.

जय भीम, दादा. तुमच्यामागं माईक मीच लावतोय. नीट जमत नाही.

आणि मित्रांनो, माझ्या पोस्टखाली फुलं नकोत, मेणबत्त्या नकोत, निषेध तर नकोच. तो व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये असेल, तुमच्या ग्रुपवर असेल, तर हे वाचून झाल्या झाल्या काढून टाका.

वायर दबलीय.

पाय उचला.