ढोरांच्या डाक्टरीणबाई

शेट्येबाई कुणाच्या घरी आजारी जनावर बघायला गेल्या की आधी जनावराकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. मग विचारायच्या, "कधी सुरू झालं?" समोरचा म्हणे, "आत्ताच." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "आत्ताच हे कुठल्या घड्याळात असतं, ते मला दाखवा."

महाडला त्यांचं घर. सरकारी नोकरीतल्या पशुवैद्यकीय अधिकारी, उंच, हडकुळ्या, पायात पुरुषांचे गमबूट. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या आमच्या कुडपणात त्यांना सगळे ढोरांच्या डाक्टरीणबाई म्हणत. माझी त्यांची खरी ओळख झाली ती दरडीमुळे. जुलैअखेर त्या गुरांना लस टोचायला वर आल्या आणि परत निघायच्या वेळी घाटात दरड आली. गाडी खाली पोलादपूरला, बाई वर. सरपंचांनी त्यांना आमच्या घरी आणून सोडलं, कारण आमच्याकडे एक खोली रिकामी होती. नवरा महाडच्या एका कारखान्यात कामाला होता, तो आठवड्यातून एकदा यायचा. घरात मी, सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, सासरे, म्हणजे मामा, आणि त्यांचा लाडका कुत्रा बंड्या.

वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. धुकं असं की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. बाई पडवीत बसून मामांना गोठ्याचं सांगत. पहिल्या संध्याकाळी त्यांनी घड्याळाची गोष्टही सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला महाडमध्ये एका साहेबांनी झटके येणारा कुत्रा आणला. उशीर केल्याची लाज वाटून ते म्हणाले, आत्ताच सुरू झालं. खरं तर तास होऊन गेला होता. बाईंनी एक इंजेक्शन दिलं, झटका थांबला, त्यांनी घरी पाठवलं. "ताप मोजायचा राहिला माझा," त्या म्हणाल्या. "झटक्यात अंग भट्टीसारखं तापतं. वाटेतच गेला. चूक त्यांची अर्धी, माझी अर्धी."

दुसऱ्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी बंड्या चुलीजवळून उठला, दोन पावलं चालला आणि आडवा पडला. पाय ताठ, जबडा कटकट वाजतोय, तोंडाला फेस. याआधी दोनदा त्याला असं झालं होतं, पण मिनिटभरातच तो उठून बसला होता. आत्या म्हणायच्या, त्याला वारं लागलंय.

"कांदा आण गो, कांदा!" आत्या ओरडल्या. मामांनी चमचा उचलला. "जीभ गिळल तो, तोंडात घालतो."

"नको, मामा! हात काढा!" मी त्यांचा हात ओढला. "तोंडात काही घालायचं नाही. जीभ कुणी गिळत नाही. त्याच्या डोक्याखाली गोणपाट सरकवा आणि बाजूला व्हा."

बाई पडवीतून धावत आल्या. विचारायच्या आधीच मी म्हणाले, "बारा दहाला सुरू झालं. सहा मिनिटं झाली."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. पिशवीतून एक छोटी काचेची बाटली फोडून औषध सिरिंजमध्ये ओढलं, सुई काढून टाकली आणि शेपटीखालून ते आत सोडलं. "असं हलणाऱ्या पायात शीर सापडत नाही," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांपुढे गेलेला झटका आपोआप थांबेल म्हणून वाट बघायची नसते." ताप एकशे सहा. त्यांनी मला पोटाला आणि पंजांना ओली फडकी लावायला सांगितली, आत्यांच्या हातात सूप दिलं. "वारा घाला. एकशे तीनवर आला की थांबायचं, नाहीतर गारठून जाईल."

बंड्या सैल पडला. मामा भिंतीला टेकून खाली बसले.

अर्ध्या तासाने परत सुरू झालं. या वेळी बाईंनी पुढच्या पायात शीर शोधून ठेवली होती, औषध थेट तिथून गेलं. झटका लगेच थांबला. पण बाईंचा चेहरा मला आवडला नाही.

त्या मला मागच्या दारी घेऊन गेल्या. पागोळ्यांचा आवाज इतका, की आत काही ऐकू गेलं नसतं.

"हे औषध झटका तोडतं, पण टिकत नाही," त्या म्हणाल्या. "टिकणारं औषध महाडला माझ्या कपाटात आहे. माझ्याकडे आता एकच बाटली उरली." मग हळू आवाजात, "मिनिटं मोजायला तुला कुणी शिकवलं?"

चार वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. बिरवाडीला माझ्या आई-वडिलांनी लग्न ठरवताना मला शपथ घातली होती.

"माझे झटके मला दिसत नाहीत, बाई," मी म्हणाले. "आई मोजायची. नववीपासून येतात. गोळ्या चालू आहेत, म्हणून लग्नानंतर एकदाही आला नाही."

"कुठल्या गोळ्या?"

पावडरच्या डब्यातून मी पाकीट आणून दाखवलं. त्यांनी नाव वाचलं आणि डोळे मिटून घेतले. तेच औषध होतं.

"मी मागत नाही हं," त्या म्हणाल्या. "नाही म्हणालीस तरी तुझ्याबद्दल माझं मत बदलणार नाही. आणि तुझी एकही गोळी चुकता कामा नये. तू पडलीस तर मी इथे काय करू?" मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. पंधरा गोळ्या होत्या. त्यांनी दहा कापून माझ्या हातात कोंबल्या. रस्ता आठवड्यात नक्की सुटेल, असं स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या आणि पाच घेऊन आत गेल्या.

बंड्याने डोळे उघडल्यावरही त्या घाई करेनात. बोटाने पाणी लावून तो नीट गिळतो याची खात्री केली, मगच मोजून गोळ्या भाताच्या घासात दिल्या. तासाने ताप, तासाने श्वास. शेवटची बाटली जवळ ठेवून त्या गोणपाटाशेजारी बसून राहिल्या. चारचे पाच झाले, पाचचे सहा. झटका आला नाही.

तेव्हा आत्यांनी विचारलं, "बाई, मगापासनं तर तुमी बाटल्याच फोडत व्हता. या गोळ्या कुठनं आल्या?"

मी बाईंकडे बघितलं. पिशवीच्या तळाशी सापडल्या, एवढं त्या म्हणाल्या असत्या तरी पुरे होतं.

"माझ्या नाहीत," बाई म्हणाल्या. "कुणाच्या ते मी सांगणार नाही. ते माझं काम नाही."

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला! तीन खोल्यांचं घर, बाहेर धुकं, माहेरची वाट दरडीखाली. लपायला जागाच नव्हती.

"माझ्या आहेत, आत्या," मी म्हणाले.

आत्यांनी बंड्याकडे बघितलं. "म्हंजे ह्येला व्हतं तसं तुला?"

"हो."

"आन् आमाला कुनी सांगितलं नाय." त्या उठून आत गेल्या. मामा म्हणाले, "तिच्यामुळं जगला हाय तो," पण तेही माझ्याकडे न बघता.

पुढचे दोन दिवस आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी भाकऱ्या थापायला बसले की त्या उठायच्या. एकदा मी बाईंना म्हणाले, "एक खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" त्या बंड्याचा ताप बघत होत्या. "उद्या तू विहिरीवर पडली असतीस," त्या म्हणाल्या, "आणि यांनी तुला कांदा हुंगवला असता."

तिसऱ्या दिवशी आत्या त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "हिला लेकरं व्हतील का वो?"

"मी ढोरांची डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या. "तिला महाडला माणसांच्या डॉक्टरांकडे न्या. तुम्ही स्वतः बरोबर जा, आणि सगळं विचारा. तोवर तिला पाण्यावर एकटी पाठवू नका. भ्यायचं नाही, लक्ष ठेवायचं."

चौथ्या दिवशी पायवाट मोकळी झाली. आम्ही तिघी दरडीवरून चिखलात पाय रोवत उतरलो. आत्यांनी माझा हात धरला तो पोलादपूरचा स्टँड येईपर्यंत सोडला नाही, पण बोलल्या एवढंच, "सांभाळ, हितं सरकतंय." सगळं लगेच सुरळीत झालं नाही. नवऱ्याने सहा महिने माझ्या वडिलांशी बोलणं टाकलं होतं. बाईंची पुढच्या वर्षी लांब बदली झाली. तिथूनही त्या फोन करून आधी बंड्याची आणि मग माझी चौकशी करत.

यंदा निवृत्त होऊन त्या महाडला परतल्या आणि महिन्याभरात गेल्या. बातमी कळताच आत्या म्हणाल्या, "चल, जाऊन येऊ." महाडच्या त्या घरात माणसं भरली होती, सगळी शहरातली, नोकरीवाली. बाईंच्या भावाने विचारलं, "आपण कुठल्या?"

"कुडपणच्या," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज शेतात हाक मारावी तसा मोठा. "आमच्या कुत्र्याला फिट यायची, आन् ही माझी सून, हिलाबी येती. बाईंनी दोघांचं बघितलं."

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी पदर सारखा केला आणि आत्यांच्या शेजारी बसले.