गायीच्या नोंदीतला गॉगल

पवनेकाठच्या आमच्या दूध संस्थेत मी कारकून आहे. संस्थेत संगणक आला तेव्हा चेअरमन आबांनी फर्मान काढलं, की प्रत्येक गायीची नोंद फोटोसकट पडद्यावर दिसली पाहिजे. मी एक छोटा प्रोग्रॅम जुळवला. डावीकडे मालकाचं नाव आणि गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, उजवीकडे फोटोची चौकट.

फोटो काढायच्या दिवशी गायी शेणातच होत्या, पण मालक दाढी करून आले. कडक इस्त्रीचा सदरा, गॉगल. एकानं तर फेटा बांधला. मालकानं गायीच्या पुढे उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. त्यात माझी चौकट लहान. अख्खा फोटो बसवला तर माणसं मुंगीएवढी दिसायची, म्हणून मी कडा कापून मधला भाग मोठा दाखवायची सोय केली. झालं! नोंद उघडली की मालकाचा चेहरा, गाय शोधावी लागे. संस्था बेहद्द खूश.

मग एका घरात वाटणी निघाली. धाकटा भाऊ वारलेला. त्याची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो, ऑफिसात आली. वासरू असल्यापासून सांभाळलेली एक गाय तिला हवी होती, बाकी काही ती मागत नव्हती. तिचा थोरला दीर म्हणत होता, गाय माझी, संगणकात बघा.

बघितलं. पडद्यावर दिराचा गॉगल.

"भाऊ, फोटू काढला तवा दावं मीच धरलं हुतं," वहिनी मला म्हणाली. "मी आसंन की त्यात."

मी सेटिंग बदलून अख्खा फोटो चौकटीत आणला. दीर एकदम एवढासा झाला, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. डाव्या कडेला वहिनी होती, हातात दावं, आणि गायीनं तिच्या खांद्यावर तोंड टेकलेलं.

आबा चष्मा पुसून पडद्यापाशी आले. आता निकाल लागलाच, असं मी धरून चाललो होतो.

"व्हय, हाय की बाई," आबा म्हणाले. "पर नाव कुणाचं हाय?"

नाव दिराचं होतं.

"मग झालं. फोटू काय, शोभंला आसतो."

संताप आला मला. फोटोसाठी एवढा खटाटोप करून घेतला, आणि आता म्हणे शोभेला! "पण आबा, गाय तर..." मी सुरुवात केली. त्यांनी चहा मागवला. आमच्याकडे चहा मागवला की विषय संपतो.

गाय दिराच्या गोठ्यात गेली. ती त्याला कासेला हात लावू देईना, लाथा झाडायला लागली. शेवटी धार काढायला वहिनीलाच बोलावणं आलं. आता रोज सकाळी तीच दूध घेऊन येते, मी बिल्ल्याचा नंबर टाकतो आणि दूध दिराच्या नावावर जमा होतं. मध्यंतरी दिरानं नवा फोटो आणून दिला. जुना काढून टाक म्हणाला, मी टाकला. नोकरी आहे.

काल तो नवा फोटो पडद्यावर असताना वहिनीची नजर गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं वाकून नीट बघितलं.

"भाऊ, ह्यात गाय कुटं हाय?"

मी चौकट मोठी केली, पुन्हा लहान केली. गाय नव्हतीच. इस्त्रीच्या सदऱ्यात एकटा दीर उभा होता.

वहिनी हसली. रिकामी किटली उचलत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्याच्यासंगं उभीच ऱ्हात न्हाई ती."