न्हाव्याची दाढी

एवेलिओ माझा सख्खा धाकटा भाऊ. अख्ख्या क्यूबात त्याच्या तोडीचा न्हावी नाही. वस्तरा धरायला मीच शिकवलं. गावचा बेसबॉल संघ जिंकेपर्यंत दाढी करणार नाही, असा त्याचा पण. संघ ओळीनं बारा सामने हरला, बारावा शनिवारी. रविवारी त्याच्या लेकीचं लग्न!

"बाबा, चर्चमध्ये असेच येणार?"

"पोरी, हरले म्हणून आपली माणसं सोडायची का?"

पण तो आतून खचला होता. आठवडाभर दुकानात दाढीला कुणीच फिरकलं नव्हतं. आपल्या अवताराला लोक कंटाळले, असं त्याला वाटलं.

रविवारी सकाळी चर्चच्या दारात अख्खी गल्ली उभी होती. एकूणएक पुरुषाची आठवड्याची दाढी वाढलेली, नवरदेवाचीसुद्धा. सगळ्यांच्या पुढे मी.

"न्हाव्या, तुझ्यापायी खाजवून मेलो!"

"दादा, उपकार झाले रे," म्हणत तो गळ्यात पडला.