कुत्र्याचा उपास

राजधानी नागपुरात होती त्या वर्षांत मी सेक्रेटरिएटात कारकून होतो. आमच्या ओट्यावर एक तांबडा कुत्रा झोपे. त्याच्या म्युनिसिपालटीच्या बिल्ल्याचे पैसे मी भरत असे, म्हणून तो माझा समजला जाई. खाणे मात्र तो समोरच्या कोष्ट्यांकडे खाई.

हरतालिका होऊन चारदोन दिवस झाले असतील. सुताला लावायची खळ आंबली म्हणून कोष्ट्यांनी गटारात ओतली, ती कुत्र्याने चाटूनपुसून खाल्ली. रात्रीपासून उलट्या, सकाळी शौचातून रक्त.

टांग्यात घालून त्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. पोटात जंतू झालेत, असे डॉक्टर म्हणाले. गोळ्या वजनावर द्यायच्या होत्या. डॉक्टर वजन अंदाजाने सांगू लागले, ते मला पटेना. जवळच्या लाकडाच्या वखारीत त्याला काट्यात बसवले. सोळा शेर भरला. डॉक्टरांनी त्याप्रमाणे गोळ्या दिल्या आणि बजावले, दोन दिवस उकळलेल्या पाण्याशिवाय काही नाही. अन्न पोटात गेले तर कुत्रा हाती लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओकला. त्यात भाताची शिते होती. आमच्या घरातून कोणी काही दिले नव्हते. थोड्या वेळाने कोष्टीणबाई पेजेची थाळी घेऊन येताना दिसली. मी अडवले.

"त्याले उपाशी मारून राहिले का, भाऊजी?"

मी जंतूंचे सगळे समजावून सांगितले. तिला ते पटले नाही. कुत्र्याला भाकरी घातल्याशिवाय ती कधी जेवली नव्हती. दारात आजारी जीव उपाशी असताना तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी मी म्हणालो, "वहिनी, डॉक्टरांनी त्याला उपास सांगितलाय."

तिने विचार केला. "मंग साबुदाणा तं चालते ना?"

"नाही. हरतालिकेसारखा कडक."

"हरतालिकेले तं पाणीबी नसते."

"पाणी द्यायचं. तेवढी सूट."

ती थाळी घेऊन परत गेली. मग आपल्या दारातच सूत गुंडाळून कांड्या भरत बसली आणि कुत्र्याजवळ कोणाला फिरकू देईना. माझी बायको ताकाची वाटी घेऊन बाहेर आली, तर तिलाच म्हणाली, "काहून वं, त्याचा उपास मोडून राहिली का?"

गोळ्या संपल्या त्या सकाळी कुत्रा उठला आणि एका टांग्यावर भुंकला. आवाज बसला होता, पण भुंकला. पारण्याची पेज तिने आधीच करून ठेवली होती. डॉक्टरांनी अर्धी वाटी सांगितली होती, ती मी मोजून घेतली. पुढे ठेवली तिने. कुत्र्याने वाटी चाटून साफ केली. पेज पोटात राहते की नाही ते पाहत आम्ही दोघे बराच वेळ ओट्यावर बसलो. राहिली.

मग ती उठून जेवायला गेली. इतके दिवस ती चहा आणि फुटाण्यांवर होती, हे बायकोने मला नंतर सांगितले.