आम्ही काटेवाले

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. शटर वर करायचं, गिऱ्हाईक येतं, काहीतरी बोलून जातं, आणि ते बोलणं दुकानातच राहून जातं. मग काही वर्षांनी चहा पिता पिता कोणीतरी म्हणतं, "त्या गुरुजींचं आठवते का रे?" झालं! एकातून दुसरा निघतो, चहा थंड होतो आणि हातातलं काम तसंच पडून राहतं.

आमचं दुकान यवतमाळला, घाटंजी रोडवर. शब्बीरभाई मालक आणि वायरिंगचा माणूस. देवानंद मूळचा सुतार, डॅशबोर्ड कापायचं काम त्याच्याकडं. आणि मी बंडू, जोडणी करणारा. त्या वेळी छोट्या गाडीत धड काही कळायचं नाही. स्पीड दिसायचा, पेट्रोल दिसायचं, बस. इंजिन किती तापलं, ऑइलचं प्रेशर किती, बॅटरी चार्ज होते की नाही, हे सांगणारे जास्तीचे गोल मीटर आम्ही बसवून द्यायचो. मीटरला इकडं सगळे काटाच म्हणत. म्हणून आम्ही काटेवाले!

आता नव्या गाडीत टीव्हीएवढा स्क्रीन येतो. काटे लावायला एखादाच हौशी फिरकतो. दिवस सीट कव्हरात आणि रिव्हर्स कॅमेऱ्यात जातो. पण तेव्हा... जाऊ द्या, किस्सेच सांगतो.

* * *

घाटंजीचे एक भाऊ होते, कुठल्याशा सरकारी ऑफिसात क्लार्क. पोरानं हट्ट केला म्हणून आरपीएमचा काटा लावून घेतला. लावून झाल्यावर मला विचारतात, "हे आरपीएम म्हणजे काय जी?"

"इंजिन किती जोरात फिरून राह्यलं, ते दाखवते."

"अन् गाडी जागेवर उभी असली तं?"

"तरी दाखवते. न्यूट्रलवर ठेवून रेस करून पाहा."

भाऊंनी पाय दाबला. गाडी जागच्या जागी थरथरायला लागली, केवढा आवाज, धूर, आणि काटा सरसर वर! गाडी मात्र इंचभर हलली नाही. भाऊ त्या काट्याकडं डोळे मोठे करून पाहत राहिले.

"हुबेहूब आमचे साहेब!"

* * *

राळेगावच्या गुरुजींनी रिटायर झाल्यावर आयुष्यातली पहिली गाडी घेतली. सेकंडहँड, पण जपायचे असे की पावसाचं नाव काढलं की घरात ठेवतील. इंजिनावर लक्ष राहावं म्हणून आमच्याकडून स्टेअरिंगजवळ तीन काटे ओळीनं लावून घेतले.

थोड्याच दिवसांत परत आले. चेहरा पडलेला.

"बंडू, मले गाडी चालवताच नाही येऊन राह्यली."

"काहून गुरुजी?"

"अरे, नजर काट्यावरून हटतच नाही. काल कापसाच्या बैलबंडीले धडकता धडकता वाचलो!"

काढून टाकू म्हटलं, तर मागून गुरुजींची बायको, आमच्या काकी, पुढं आल्या. "काढू नका. माह्या बाजूनं बसवा. ह्यायनं रस्ता पाहावा, काटे मी पाहीन."

देवानंदनं डाव्या बाजूला नवी भोकं पाडली आणि काटे काकींसमोर गेले. पुढं एकदा त्यांच्याच गाडीतून राळेगावला जायचा योग आला. काकींची कॉमेंटरी सुरू होती. "प्रेशर बरोबर. बॅटरी बरोबर. गरमी थोडी चढून राह्यली, हळू घ्या जी... हां, आता उतरली." गुरुजी शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते.

जरा वेळानं आवाज बंद. पाहतो तर काकींना डुलकी लागलेली. गुरुजींनी अलगद गाडी बाजूला घेतली, निंबाच्या सावलीत उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं गुरुजी?"

"हळू बोल! तिची झोप होऊ दे. काटे पाहाले कोणी नाही ना!"

* * *

देवानंदचा स्वभाव बोलायचा नाही. दिवसाला चार वाक्यं, त्यातली दोन चहाबद्दल.

एकदा दारव्ह्याच्या एक ताई आल्या. वडील वारल्यावर त्यांची गाडी ताई चालवत होत्या. डॅशबोर्डवर मधोमध बुद्धाची इवलीशी पांढरी मूर्ती, वडिलांनी स्वतःच्या हातानं चिकटवलेली. टेम्परेचरचा काटा बसायला जागा होती ती नेमकी तिच्या खाली.

देवानंद ड्रिल घेऊन आला. "ताई, मूर्ती काढता का जराशी? ड्रिलनं हादरन."

ताई म्हणाल्या, "बाबांनी बसवली आहे दादा. मी काढली तर परत तशी नाही बसणार."

देवानंदनं मूर्तीकडं एकदा पाहिलं. मग ड्रिल खाली ठेवलं, सायकल काढली, घरी गेला आणि सुतारकामाची बारीक करवत आणि कानस घेऊन आला. एका हाताचा तळवा मूर्तीखाली टेकवून दुसऱ्या हातानं प्लास्टिक कापायला बसला. केसभर कापायचं, थांबायचं, फुंकर मारायची. जे काम चहा उकळेपर्यंत होतं, त्याला सगळी दुपार गेली. बाहेर गाड्यांची लाइन लागली.

शब्बीरभाई दोनतीनदा डोकावून गेले. शेवटी राहवलं नाही. "देवा, ताजमहाल बांधून राह्यला का बे?"

देवानंदनं मान वर न करता सांगितलं, "ताजमहाल हालला तं चालते भाई. हे नाही."

* * *

विलासची घाटंजीजवळच्या गावात पिठाची गिरणी. त्याला टेम्परेचरचा काटा लावून दिला तेव्हा शब्बीरभाईंनी नीट समजावलं होतं. "काटा लालकडं निघाला की गाडी थांबव. थांबताच येत नसन, तं हीटर फुल चालू कर. इंजिनची गरमी आत येते, इंजिन वाचते."

विलास हसला होता. "यवतमाळात हीटर? भाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

मग मे महिना आला. भर दुपारी विलासच्या बायकोला, सुनीताला, कळा सुरू झाल्या. विलासनं गाडी काढली. मागं सुनीता आणि तिची सासू, पुढं विलासची बहीण. अर्ध्या रस्त्यात रेडिएटरचा फॅन बंद पडला आणि काटा चढायला लागला. आजूबाजूला वस्ती नाही, सावलीला झाड नाही. थांबायचं कसं? विलासनं देवाचं नाव घेतलं आणि हीटर फुल केला.

बाहेरून लूच्या झळा, आतून हीटर! म्हातारी ओरडली, "मारतं का रे आम्हाले?" बहीण रडकुंडीला आली. विलासचा पाय ब्रेककडं गेला. तेव्हा मागून सुनीताच ओरडली, "थांबू नका! काटा खाली येऊन राह्यला! चालवा!"

गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहिली. चारही दरवाजे उघडले आणि चार माणसं बाहेर आली. चौघंही लालबुंद, घामानं निथळत, भिंत धरून धापा टाकणारी. आयाबाई व्हीलचेअर घेऊन धावत आली आणि गोंधळून थांबली. "बाई गं! यातली बाळंतीण कोन्ती?"

विलासनं सुनीताकडं बोट करायला हात उचलला आणि तिथंच आडवा झाला. त्याला उचलून व्हीलचेअरवर घातलं. सुनीता सासूचा हात धरून आपल्या पायानं आत गेली.

चारपाच दिवसांनी विलास पेढे घेऊन दुकानात. "मुलगी झाली! दोघी मजेत आहेत."

"अन् तू?"

"मले सलाइन लावली होती."

* * *

नेरच्या सतीशचं बियाण्याचं दुकान. त्याच्या गाडीत आम्ही बॅटरीचा काटा बसवला आणि आठवड्याभरात तो तक्रार घेऊन आला. "भाई, काटा नाचून राह्यला. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर मान खाली-वर, खाली-वर."

अर्थिंगची वायर ढिली होती. शब्बीरभाईंनी आवळली. काटा सरळ झाला, सतीश गेला.

पुन्हा काही दिवसांनी आला. या वेळी शेजारच्या सीटवर त्याची आई. तिला गाडीतच बसवून तो आत आला आणि उगाच सीट कव्हरं चाळत राहिला.

"भाई, पह्यल्यासारखं करून देता का?"

"काय?"

"नाचू द्या काट्याले."

मग त्यानं सांगितलं. वडील गेल्यापासून आई बोलत नव्हती. जेवायची, बसायची, पण तोंडातून शब्द नाही. दवाखान्यात नेताना त्यानं चौकात वळायला इंडिकेटर लावला, काटा नाचायला लागला आणि आई खुदकन हसली. "पाह्य पाह्य, कसा मान हालवते!" म्हणाली. कित्येक महिन्यांनी बोललेले तिचे पहिले शब्द. आम्ही काटा सरळ केल्यावर तिनं एकदोन वळणं वाट पाहिली आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्याच्या हातचा ढिला जॉइंट दिसला तरी शिव्या देणारे शब्बीरभाई स्वतःच पक्कड घेऊन गाडीकडं गेले. त्यांनी अर्थिंगची जाड वायर सोडली, बारीक जोडली, सतीशच्या जागेवर जाऊन बसले आणि इंडिकेटर लावला. काटा जरासा हलला.

"असं, अम्मा?"

आई काट्याकडं पाहत म्हणाली, "अजून थोडा."

भाईंनी आणखी बारीक वायर घेतली. काटा मान डोलवायला लागला. आईनं पदर तोंडाला लावला.

आई गेली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मागच्या हिवाळ्यात सतीश आला, तीच गाडी घेऊन. शब्बीरभाईंनी न विचारताच खणातून जाड वायर काढली. "आण, नीट करून देतो आता."

"हॉर्न वाजत नाही भाई," सतीश म्हणाला. "तेवढाच पाहा."

हॉर्न दुरुस्त केला. चहा झाला. सतीश निघाला. आम्ही तिघं दारात उभे होतो.

दुकानासमोरचा रस्ता लांबवर सरळ जातो, मध्ये वळण नाही. सतीशची गाडी उजवा इंडिकेटर लावून त्या सरळ रस्त्यानं हळूहळू चालली होती.