चाळणबाईची सही

"कंपनीचं नाव वाच की बाई. 'सल्ला व सेवा'. मग कर्ज सेवेत टाक."

"नावाला काय चाटायचंय साहेब? त्या पैशातनं कोळसा धुवायचं यंत्र आलंय. हे कोळशातच बसणार."

"परत तेच?"

"परत तेच."

बँकेत या बाईला सगळे चाळणबाई म्हणत. कामच चाळायचं. बँकेनं गाजावाजा करून सांगितलं होतं, की धूर ओकणाऱ्या धंद्यांचं कर्ज यंदा एक तृतीयांशानं कमी करू. त्यासाठी एकेक कर्ज बघून ढीग लावायचे. कोळसा, सिमेंट, घरं, सेवा. आता कोळशाचा ढीग दोन रीतींनी आटतो. कर्ज द्यायचं थांबा, नाहीतर दिलेलं उचलून शेजारच्या ढिगात सारा. समोर उभ्या साहेबाला दुसरी रीत फार आवडायची. कडक शर्टापायी त्याला इस्त्री म्हणत, अर्थात पाठीमागं.

सहा वर्षांपूर्वी याच कंपनीचं आधीचं कर्ज बाईनं कोळशात घातलं होतं. इस्त्रीनं ते गुपचूप सेवेत नेलं, आणि तपासणीत सापडल्यावर बोट बाईकडं केलं. वर सगळ्यांदेखत म्हणाला, "हिला कोळसा अन् खडू वेगळा कळत नाही." बाईची बढती गेली. चार वर्षं तळघरात, जुन्या कागदांत. तिथं झुरळांच्या संगतीत तिनं त्या कंपनीचा कागद न् कागद वाचला. रडली-बिडली नाही. दात धरला आणि रोज घासून ठेवला.

मग नवा नियम आला. नावावर जाऊ नका, पैसा कशात गेला ते बघा, आणि ढीग लावणाऱ्याची सही घ्या. ते काम जाणणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बाईला वर बोलावलं. उद्या कपातीचा आकडा संचालक मंडळापुढं जाणार होता. तो जमला की इस्त्री संचालक. हे एवढं एक कर्ज कोळशात पडलं की आकडा फसला.

इस्त्रीनं खुर्ची ओढली. आवाज मऊ केला.

"तुझ्या धाकट्या भावाची लाँड्री आहे ना? कर्ज बॉयलरसाठी घेतलंय, अन् बॉयलर कोळशाचा. नियम लावायचा तर त्यालाही लाव. कोळशातल्याला नवं कर्ज नाही, ठाऊक आहे ना? नव्या मशीनसाठी अर्ज टाकून बसलाय बिचारा."

बाईनं कोळशाची यादी फिरवून त्याच्यापुढं सरकवली. पहिल्याच ओळीत लाँड्री.

"त्याचंच आधी घातलंय. काल घरी जाऊन सांगून आले. म्हणाला, ताई, परत या दारात येऊ नकोस."

"सख्खा भाऊ तोडलास? माझ्यापायी?"

"तुमच्यापायीच. एवढं कुणी केलं नसेल तुमच्यासाठी."

इस्त्री खांदे पाडून खुर्चीतनं उठला. शर्ट तेवढा कडक राहिला.

बाईनं सही केली, शिक्का मारला आणि पुढची फाईल ओढली.

"सिमेंटवाल्यांची आहे. जरा सरका साहेब, उजेड अडतोय."